ताप गेला, औषध संपलं, तरी रक्तात गॅमेटोसाइट कसे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडिलांना फॅल्सिपेरम या प्रजातीच्या परजीवीमुळे होणारा मलेरिया झाला. पहिल्या रिपोर्टात फक्त 'रिंग' दिसल्या होत्या. तीन दिवसांचा गोळ्यांचा कोर्स पूर्ण केला, ताप उतरला, जेवण-झोप रुळावर आली. नवव्या दिवशी खात्री करून घ्यावी म्हणून पुन्हा रक्त तपासलं, तर रिपोर्टात आलं की फॅल्सिपेरमचे गॅमेटोसाइट, म्हणजे त्या परजीवीचं एक वेगळं रूप, दिसले. डॉक्टर म्हणाले, काळजी नको. मुलगी विचारते: परजीवी रक्तात आहेत तर काळजी कशी नको? औषध लागू पडलं नाही का? ते पुन्हा वाढतील का? आणि वडिलांना चावलेला डास घरातल्या लहान बाळाला चावला तर?

माझं निम्मं आयुष्य मलेरियाच्या स्लाइड वाचण्यात गेलं आहे, आणि ही शंका मी रिपोर्ट हातात देताना वारंवार ऐकते. ती अगदी रास्त आहे. 'परजीवी दिसले' एवढंच वाचून कुणाच्याही पोटात गोळा येईल. पण तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत, ते आधी सोडवू. वडील आजारातून बाहेर आले का, हा एक. त्यांच्या रक्तातून डासाला लागण होऊ शकते का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर बहुतेक 'हो, बाहेर आले' असं आहे. दुसऱ्याचं 'आणखी काही दिवस होऊ शकते' असं आहे. ही दोन्ही उत्तरं एकाच वेळी खरी असू शकतात, कारण माणसाला आजारी पाडणारं परजीवीचं रूप वेगळं आणि माणसातून बाहेर पडणारं रूप वेगळं.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत हेही सुरुवातीलाच सांगते. औषधांत गॅमेटोसाइट मारणारं प्रायमाक्विन होतं की नाही, त्यांना याआधी मलेरिया झालेला आहे का, राहत्या भागात मलेरियाचे डास आहेत का, हवा किती गरम आहे, यावर दुसऱ्या उत्तराचं वजन कमी-जास्त होतं. पहिल्या उत्तरात मात्र फारसा फरक पडत नाही, फक्त रिपोर्ट नीट वाचलेला हवा.

परजीवीचं वाढीचं काम आधी पटकन पाहून घेऊ. ॲनॉफिलीस डासाची मादी चावते तेव्हा तिच्या लाळेबरोबर स्पोरोझॉइट नावाचे धाग्यासारखे बारीक परजीवी त्वचेत उतरतात. बहुतेक वेळा शंभराच्याही आत. ते यकृत गाठतात, तिथल्या पेशींत शिरतात आणि आठवडाभरात एकेकापासून हजारो मेरोझॉइट तयार होतात. फॅल्सिपेरममध्ये हा आकडा तीस हजारांच्या घरात जाऊ शकतो. तोवर माणसाला काहीच जाणवत नाही. मग ते रक्तात येतात, तांबड्या पेशीत शिरतात, आतलं हिमोग्लोबिन फस्त करतात, ४८ तासांत एकाचे पंधरा-वीस होतात, पेशी फोडून बाहेर पडतात आणि नव्या पेशी धरतात. पेशी फुटतात तेव्हा थंडी वाजून ताप भरतो. तुमच्या वडिलांच्या पहिल्या रिपोर्टातल्या रिंग म्हणजे नुकतेच पेशीत शिरलेले हेच परजीवी. ताप, अशक्तपणा, पुढची गुंतागुंत, सगळं यांच्यामुळे.

या वाढीत नर-मादी काही नसतं. एकाच्या अनेक नकला, त्या नकलांच्या आणखी नकला. पण अशी संख्या कितीही वाढली तरी डासाच्या दृष्टीने ती निरुपयोगी आहे. डासाने रक्त ओढलं की त्यातून रिंगही त्याच्या पोटात जातात आणि रक्ताबरोबर पचून जातात. माणसातून बाहेर पडायचं तर परजीवीला वेगळं रूप घ्यावं लागतं. ते रूप म्हणजे गॅमेटोसाइट.

दर ४८ तासांच्या फेरीत मोजके परजीवी वाढीची वाट सोडून या दुसऱ्या वाटेला लागतात. शंभरातले थोडेच. त्यांच्यात एपी२-जी नावाचं एक नियामक जनुक चालू होतं. हे जनुकच हा बदल घडवतं, असं २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून स्पष्ट झालं. आजूबाजूची परिस्थितीही यात हात घालते. रक्तातल्या एका स्निग्ध घटकाचं, लायसोफॉस्फॅटिडिलकोलीनचं, प्रमाण घटलं की या वाटेला वळणारे वाढतात, हे २०१७ मध्ये दाखवलं गेलं. एकदा वळलेला परजीवी मागे फिरत नाही. तो विभागत नाही, नवी पेशी धरत नाही, पेशी फोडत नाही. म्हणून ताप आणत नाही.

तुमच्या 'ते पुन्हा वाढतील का' या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे: नाही. आज रक्तात शंभर गॅमेटोसाइट असतील तर त्या शंभरांचे उद्या एकशे एक होणार नाहीत. डासाच्या पोटात गेले नाहीत तर ते रक्तातच म्हातारे होऊन मरतात. रक्त चढवल्यामुळे मलेरिया होतो तेव्हाही तो वाढणाऱ्या रूपांमुळे होतो. नुसते गॅमेटोसाइट दुसऱ्या माणसाच्या रक्तात गेले तर तिथेही त्यांना पुढची वाट नाही. (याचा अर्थ आत्ता रक्तदान चालेल असा मुळीच घेऊ नका. स्लाइडवर न दिसणारे थोडे वाढणारे परजीवी सोबत असू शकतात, म्हणून मलेरियानंतर ठरावीक काळ रक्तदान करायचं नसतं.)

आता नवव्या दिवसाचं कोडं. पहिल्या रिपोर्टात फक्त रिंग आणि औषधानंतर गॅमेटोसाइट, म्हणजे औषध चालू असताना ते नव्याने तयार झाले, असं साहजिकच वाटतं. पण फॅल्सिपेरमच्या गॅमेटोसाइटला पक्व व्हायला दहा-बारा दिवस लागतात. पाच टप्प्यांतून तो जातो, आणि पहिले चार टप्पे वाहत्या रक्तात जवळजवळ दिसतच नाहीत. तो काळ ते मुख्यतः अस्थिमज्जेत दडून काढतात. कारण समजण्यासारखं आहे. अर्धवट वाढलेल्या गॅमेटोसाइटची पेशी ताठर असते. ती रक्तात फिरली तर प्लीहा तिला गाळून काढेल. पक्व झाल्यावर पेशी पुन्हा लवचीक होते आणि तेव्हाच ती रक्तात उतरते. बोटाच्या टोकातून घेतलेल्या थेंबात आपल्याला दिसतो तो हा पाचवा, शेवटचा टप्पा.

मग हिशोब मांडा. नवव्या दिवशी दिसलेले गॅमेटोसाइट दहा-बारा दिवसांपूर्वी या वाटेला लागलेले असणार. म्हणजे पहिली गोळी पोटात जाण्याच्या आधीच. पहिल्या स्लाइडच्या वेळीही ते शरीरात होते, फक्त हाडांच्या आत होते. औषधाने ते निर्माण केले नाहीत, आणि ते दिसले म्हणून औषध फसलं असंही नाही.

औषधाने त्यांना मारलं का नाही, हा पुढचा प्रश्न आपोआप येतो. आर्टेसुनेट आणि त्याच्या जातीची औषधं वाढणाऱ्या परजीवींवर जबरदस्त काम करतात. औषधाला दाद देणाऱ्या परजीवींची संख्या ४८ तासांच्या एका फेरीत साधारण दहा हजारांतून एकावर येते. हे औषध परजीवीच्या आत जागं होतं ते हिमोग्लोबिन पचवताना सुटणाऱ्या लोहयुक्त हीममुळे. रिंगपासून मोठे होणारे परजीवी हिमोग्लोबिन खात असतात, म्हणून सापडतात. कोवळे गॅमेटोसाइटही बऱ्याच प्रमाणात सापडतात. पक्व गॅमेटोसाइटचं खाणं मात्र संपलेलं असतं. त्यामुळे या औषधाचा त्याच्यावर फार थोडा परिणाम होतो.

हा पक्व गॅमेटोसाइट स्लाइडवर एकदा पाहिला की विसरत नाही. हजारपट मोठा करून बघताना फिकट तांबड्या पेशींच्या मधोमध एक निळसर चंद्रकोर पडलेली दिसते, टोकं गोलसर, पेशीपेक्षा लांब. मधल्या भागात तपकिरी-काळे कण असतात. हे कण म्हणजे खाल्लेल्या हिमोग्लोबिनमधून उरलेलं, परजीवीने स्फटिक करून बाजूला ठेवलेलं हीम. मादी असेल तर रंग जरा गडद निळा आणि कण मध्यावर घट्ट गोळा झालेले. नर असेल तर रंग गुलाबीकडे झुकलेला, कण विखुरलेले, टोकं जास्त बोथट. मादी संख्येने अधिक असतात, साधारण एका नरामागे तीन ते पाच. एवढे कमी नर का पुरतात, ते पुढे येईलच. त्या तपकिरी कणांकडेही लक्ष असू द्या.

हीच चंद्रकोर अल्फोन्स लाव्हरान या फ्रेंच लष्करी डॉक्टरने १८८० साली अल्जीरियातल्या कॉन्स्टंटाइन इथे रुग्णांच्या रक्तात पाहिली होती. ६ नोव्हेंबरला एका सैनिकाच्या रक्ताच्या ताज्या थेंबात त्याला विलक्षण दृश्य दिसलं. एका गोल झालेल्या परजीवीच्या कडेने लांब, बारीक धागे फुटले होते आणि ते इतके जोरात वळवळत होते की आजूबाजूच्या तांबड्या पेशी ढकलल्या जात होत्या. हे काहीतरी जिवंत आहे, हे त्याने तिथेच ओळखलं. त्या धाग्यांचा अर्थ मात्र लगेच लागला नाही. शरीराबाहेर काढल्यावर परजीवी मरताना तडफडतो, असं बऱ्याच जाणकारांना वाटायचं. १८९७ मध्ये विल्यम मॅककॅलम या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने कावळ्यांच्या रक्तातल्या मलेरियासारख्याच परजीवीत हे धागे सुटून दुसऱ्या गोल पेशीकडे जाताना आणि एक धागा तिच्यात शिरताना पाहिला. तो नर होता, ती मादी होती. तडफड वाटत होती ती गोष्ट म्हणजे फलन होतं.

हे धागे माणसाच्या शरीरात का फुटत नाहीत आणि बाहेर येताच का फुटतात, हा या सगळ्यातला मला सर्वांत सुंदर वाटणारा भाग आहे. गॅमेटोसाइट आपल्या रक्तात पूर्ण तयारीत थांबलेला असतो, फक्त खुणेची वाट पाहत. डासाने रक्त ओढलं की तीन खुणा एकदम मिळतात. तापमान आपल्या शरीरापेक्षा काही अंशांनी उतरतं. रक्तातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो, त्यामुळे आम्लता घटते. आणि डासाच्या पोटात झँथुरेनिक आम्ल नावाचा रेणू भेटतो. या खुणा पटल्या की तो तांबडी पेशी टाकून बाहेर येतो आणि गोल होतो. मादीपासून एकच मोठी मादीपेशी होते. नर मात्र दहा-पंधरा मिनिटांत आपला डीएनए तीन वेळा दुप्पट करतो, एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ, आणि त्यातून आठ चपळ नरपेशी झटक्यात सुटतात. इतक्या वेगाने डीएनएच्या प्रती काढणारी पेशी जीवसृष्टीत विरळाच. एक नर आठ माद्यांना पुरतो तो असा.

लॅबमध्ये काम करणाऱ्यांनी इथली एक व्यवहारातली गोष्ट ध्यानात ठेवावी. ट्यूबमधलं रक्त थंड होतं, बूच उघडलं की हवा लागते, म्हणजे पहिल्या दोन खुणा ट्यूबमध्येही मिळू शकतात. नमुना बराच वेळ पडून राहिला तर चंद्रकोरी गोल होतात, क्वचित धागेही सुटतात. मग फॅल्सिपेरमचा गोल झालेला गॅमेटोसाइट वायवॅक्स किंवा मलेरियाई या मलेरियाच्या दुसऱ्या प्रजातींचा समजला जाण्याचा धोका असतो, आणि सुटे धागे दुसऱ्याच जंतूसारखे दिसतात. म्हणून स्लाइड नमुना घेतल्या घेतल्या ओढलेली बरी. एखाद्या रिपोर्टात परजीवीची प्रजात अचानक बदललेली दिसली, तर नमुना किती वेळ पडून होता हे मी आधी विचारते.

डासाच्या पोटातली पुढची कथा अवघड वाटेची आहे. तासाभरात फलन होतं आणि परजीवीच्या सगळ्या जीवनक्रमात एवढ्या एकाच वेळी गुणसूत्रांचा संच दुहेरी होतो. काही तासांतच त्यांची पुन्हा वाटणी होते. रुग्णाच्या रक्तात दोन वेगळ्या वाणांचे परजीवी असतील तर त्यांचे गुण इथे एकमेकांत मिसळतात. औषधाला दाद न देण्याचे गुणसुद्धा. साधारण दिवसाभरात फलित पेशीचं रूप बदलून ती सरपटू लागते. तिला ऊकिनेट म्हणतात. रक्त पूर्ण पचायच्या आत तिला डासाच्या जठराची भिंत भेदून पलीकडे जावं लागतं, कारण आत राहिली तर तीही पचते. भिंतीत डासाची स्वतःची प्रतिकारशक्तीही टपलेली असते. जी पार होते ती भिंतीच्या बाहेरच्या बाजूला चिकटून गोल कोष करते, ऊसिस्ट.

आकड्यांनी बघा, म्हणजे ही वाट किती अरुंद आहे ते कळेल. डास एका वेळी दोन-तीन मायक्रोलिटर रक्त पितो. समजा, रक्तात दर मायक्रोलिटरला शंभर गॅमेटोसाइट आहेत. म्हणजे पोटात दोनशे-तीनशे गेले. त्यातले चौथाई नर धरले तर नरपेशी चारशे ते सहाशे निघू शकतात. तरीही निसर्गात लागण झालेल्या डासाच्या जठरावर बहुधा मोजून एक-दोन, फार तर चार-पाच ऊसिस्ट सापडतात. कित्येक डासांत एकही नसतो. पण एकच ऊसिस्टही पुरतो, कारण त्याच्या आत हजारो स्पोरोझॉइट तयार होतात. कोष फुटला की ते डासाच्या शरीरद्रवातून वाहत लाळग्रंथीत शिरतात, आणि तो डास मरेपर्यंत लागण देऊ शकतो.

२० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादमध्ये रोनाल्ड रॉसने मलेरियाच्या रुग्णाचं रक्त प्यायलेल्या डासाचं जठर उघडलं तेव्हा त्याला भिंतीवर हेच गोल कोष दिसले. ते मलेरियाचेच, हे त्याने ओळखलं आतल्या तपकिरी कणांवरून. तुमच्या वडिलांच्या स्लाइडवरच्या चंद्रकोरीत जे कण आहेत, तेच. माणसाच्या रक्तात खाल्लेल्या हिमोग्लोबिनची ती खूण परजीवीबरोबर डासापर्यंत गेलेली असते. पुढच्या वर्षी कलकत्त्यात त्याने पक्ष्यांच्या मलेरियावर काम करून कोषांपासून लाळग्रंथीपर्यंतचा उरलेला प्रवास उलगडला, आणि इटलीत ग्रासी व त्याच्या सहकाऱ्यांनी माणसाच्या मलेरियाचं ॲनॉफिलीसमधलं संपूर्ण चक्र दाखवून दिलं.

आता तुमच्या बाळाचा प्रश्न. या प्रवासाला वेळ लागतो, आणि तो वेळ हवेच्या तापमानावर ठरतो. २७-२८ अंशांना फॅल्सिपेरमला साधारण दहा-बारा दिवस. २० अंशांच्या आसपास तीन आठवड्यांहून जास्त. १६ अंशांच्या खाली वाढ जवळजवळ ठप्प होते. म्हणजे आज रात्री वडिलांना चावलेला डास आज किंवा उद्या बाळाला चावला, तर त्या चाव्यातून बाळाला वडिलांचा मलेरिया होणार नाही. तोंडाला लागलेलं रक्त दुसऱ्याच्या अंगात जाऊन मलेरिया पसरत नाही. डासाच्या पोटातले हे सगळे टप्पे पार पडल्याशिवाय तो डास निरुपद्रवी आहे.

बहुतेक डास तेवढे दिवस जगतही नाहीत. एखाद्या ठिकाणी रोज दहातला एक डास मरतो असं धरलं, तर बारा दिवसांनी शंभरातले अठ्ठावीस उरतात. रोज दहातले दोन मरत असतील तर जेमतेम सात. रोजच्या मरणात एवढासा फरक, आणि धोकादायक वयाला पोहोचणारे डास चौथाईवर. घरात फवारणी किंवा औषध लावलेली मच्छरदाणी डास पूर्ण संपवू शकली नाही तरी मलेरिया खाली आणते, त्यामागे हे गणित आहे.

पण धोका शून्य म्हणता येणार नाही. राहत्या भागात ॲनॉफिलीस असतील, हवा उबदार आणि दमट असेल, तर वडिलांना आज चावलेला एखादा डास दोन आठवड्यांनी घरातल्या किंवा शेजारच्या कुणालाही लागण देऊ शकतो. म्हणून सध्या बाळाइतकीच मच्छरदाणी वडिलांनाही हवी. लोक निरोगी माणसाला जाळीत झोपवतात आणि बरा झालेला रुग्ण उघड्यावर झोपतो. माझ्या मते निदान पहिले तीन-चार आठवडे रुग्णाला जाळीबाहेर झोपू देऊ नये. ॲनॉफिलीस मुख्यतः संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चावतो, त्यामुळे रात्रीची काळजी सर्वांत जास्त कामी येते. दिवसा चावणारे डेंग्यूचे एडिस डास माणसाचा मलेरिया पसरवत नाहीत.

इथपर्यंतचं थोडक्यात: वाढणारे परजीवी गेले म्हणून ताप गेला. दिसलेल्या चंद्रकोरी औषधाच्या आधीच्या आहेत, त्या वाढत नाहीत, आजार परत आणत नाहीत. डासाला मात्र काही काळ देता येतात.

हा 'काही काळ' किती, ते प्रायमाक्विनवर ठरतं. फॅल्सिपेरमच्या पक्व गॅमेटोसाइटना मारण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने कमी मलेरिया असलेल्या भागांत मुख्य औषधाबरोबर प्रायमाक्विनचा एकच छोटा डोस सुचवला आहे, किलोमागे ०.२५ मिलिग्रॅम. गरोदर स्त्रियांना आणि तान्ह्या बाळांना हे औषध साधारणपणे देत नाहीत. हा डोस रुग्णाला बरं वाटावं म्हणून नसतो, त्याच्यापासून पुढे लागण जाऊ नये म्हणून असतो. त्यामुळेच तो कित्येकदा सुटतो. ताप गेलेला असतो, मग आणखी एक गोळी कशाला, असं रुग्णालाही वाटतं. वडिलांच्या प्रिस्क्रिप्शनवर ते होतं का, एवढं बघा. नसेल तर डॉक्टरांना विचारा, मनाने दुकानातून आणून देऊ नका. जी६पीडी या एन्झाइमची कमतरता असलेल्यांच्या तांबड्या पेशी या औषधाने फुटू शकतात. एका छोट्या डोसात हा धोका कमी असला तरी ठरवायचं डॉक्टरांनीच.

आणि डोस दिलेला असूनही नवव्या दिवशी चंद्रकोरी दिसल्या तर? तरी घाबरू नका. प्रायमाक्विन गॅमेटोसाइटना आधी निकामी करतं, रक्तातून ते नाहीसे होतात नंतर. डासाला लागण देण्याची क्षमता एक-दोन दिवसांत ओसरते, पण स्लाइडवर त्यांची आकृती आणखी काही दिवस दिसत राहते. भिंगातून पाहून मला जिवंत आणि निकामी यांतला फरक सांगता येत नाही. प्रायमाक्विन मिळालंच नसेल तर ते काही आठवडे फिरत राहतात, क्वचित महिनाभराहून अधिक.

उलट बाजूचीही एक गोष्ट आहे. स्लाइडवर गॅमेटोसाइट न दिसणं म्हणजे डासाला लागण होणार नाही, असंही नाही. दर मायक्रोलिटरला एखादाच असेल तर स्लाइडवर तो सहज निसटतो, पण दोन-तीन मायक्रोलिटर पिणाऱ्या डासाच्या पोटात एखादा नर आणि एखादी मादी पोहोचू शकते. वारंवार मलेरिया झालेल्या माणसाच्या रक्तात याउलट घडू शकतं: गॅमेटोसाइट भरपूर, पण त्याच्या रक्तातली प्रतिपिंडं डासाच्या पोटात रक्ताबरोबर गेल्यावर तिथे फलन अडवतात. परजीवीचं पसरणं डासाच्या पोटातच थांबवू पाहणाऱ्या लसींचा विचार याच निरीक्षणावर उभा आहे.

कुणी हे वायवॅक्सच्या रिपोर्टला लावून वाचत असेल तर थांबा, तिथला हिशोब वेगळा आहे. वायवॅक्सचे गॅमेटोसाइट गोल असतात, दोन-तीन दिवसांत तयार होतात आणि तापाबरोबरच, कधी त्याच्याही आधी, रक्तात हजर असतात. म्हणजे रुग्ण दवाखान्यात पोहोचेपर्यंत डासांना मिळायचे ते मिळून गेलेले असतात. दिलासा एवढाच की क्लोरोक्विन किंवा आर्टेसुनेटच्या कोर्सने तेही रक्तातून लवकर जातात. पण वायवॅक्सचे काही परजीवी यकृतात झोपून राहतात आणि महिन्यांनी उठून पुन्हा ताप आणतात, पुन्हा गॅमेटोसाइट बनवतात. तिथे प्रायमाक्विन सात किंवा चौदा दिवस देतात ते या झोपलेल्यांसाठी, आणि त्याआधी जी६पीडी तपासणी करायला हवी. वायवॅक्सच्या औषधोपचारानंतरच्या स्लाइडवर काही दिसलं तर 'गॅमेटोसाइटच असतील' म्हणून सोडून देऊ नका.

शेवटी रिपोर्टाबद्दल. नवव्या दिवसाच्या कागदावर गॅमेटोसाइटखेरीज रिंग किंवा इतर वाढणारी रूपं 'दिसली नाहीत' असं स्पष्ट लिहिलंय का, ते तपासा. नुसतं 'फॅल्सिपेरम पॉझिटिव्ह' असं असेल तर लॅबला फोन करून विचारा. दोन्ही रूपं वेगळी नोंदवून मागायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, आणि आम्हा लॅबवाल्यांनी ती न विचारता वेगळी लिहायला हवीत. पुन्हा तपासणी करायची तर स्लाइडच करा, कार्ड टेस्ट नको. फॅल्सिपेरमच्या कार्डावर उमटणारं एचआरपी-२ हे प्रथिन परजीवी मेल्यावरही कित्येक आठवडे रक्तात राहतं, त्यामुळे कार्ड पॉझिटिव्हच येत राहील आणि तुमची झोप विनाकारण उडेल.

औषध सुरू केल्यापासून २८ दिवसांपर्यंत वडिलांच्या तब्येतीवर लक्ष असू द्या. या काळात पुन्हा ताप आला, किंवा स्लाइडवर पुन्हा रिंग दिसल्या, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. तेव्हा 'मागच्या रिपोर्टातल्या त्या गॅमेटोसाइटमुळे असेल' म्हणून वाट बघू नका, कारण ताप त्यांच्यामुळे येत नाही.